‘विजया’ या संज्ञेची चिकित्सा : वृद्ध रुग्णाच्या दृष्टीने

वस्तूची ओळख पटविणे हे संज्ञेचे पहिले कार्य होय. औषधाच्या बाबतीत ही ओळख चुकली, तर हानी अर्थविपर्यासापुरती मर्यादित राहत नाही. भांगेच्या पानांपासून सिद्ध केलेली आयुर्वेदीय औषधे आज मुंबईसह देशभर निद्रानाश, सांधेदुखी अशा वार्धक्यातील तक्रारींवर विकली जातात. वेष्टनावर त्यांचे नाव बहुधा ‘विजया’ असे असते. या नावाची चिकित्सा हा केवळ कोशकाराचा विषय नव्हे.

भांग या अर्थी ‘विजया’ हा शब्द जुना आहे. सोळाव्या शतकातील ‘भावप्रकाशा’त मातुलानी, मादिनी या पर्यायांबरोबर तो येतो. परंतु त्याच ग्रंथात हरीतकीच्या, म्हणजे हिरड्याच्या, सात जातींपैकी एकीचेही नाव ‘विजया’च आहे. एक द्रव्य मादक, तर दुसरे घरोघरच्या बटव्यातले. संदर्भ सुटला की शब्द दोहोंकडे ओढला जातो. बोलीत मात्र असा संदेह नाही. केसांतला ‘भांग’ पुल्लिंगी आणि मादक ‘भांग’ स्त्रीलिंगी, एवढ्या भेदावर मराठी माणसाचे काम भागते. ‘भांग’ म्हणताच नशा आठवते आणि ‘गांजा’ म्हणताच गुन्हा. ‘विजया’ म्हणताच यांपैकी काहीच आठवत नाही. तीत या संज्ञेची सोय आहे आणि धोकाही.

कायद्यानेही या भेदाला हातभार लावला आहे. १९८५च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या व्याख्येत चरस व गांजा येतात. शेंड्यांपासून वेगळी असलेली पाने येत नाहीत. ही विभागणी झाडाच्या अवयवांची आहे, रसायनांची नव्हे. पानांतही टीएचसी हे मादक द्रव्य असतेच. शेंड्यांच्या मानाने कमी, इतकेच. म्हणून ‘कायदेशीर’ आणि ‘निर्धोक’ हे शब्द समानार्थी मानता येत नाहीत.

वृद्ध शरीरात हा भेद अधिकच तीव्र होतो. टीएचसीमुळे भोवळ येते, उभे राहताना रक्तदाब उतरतो, नाडी जलद होते, कधी भ्रम होतो. तरुणाला जी क्षणिक गुंगी, तीच सत्तरीच्या माणसाला जिन्यावर पडून खुब्याचे हाड मोडण्यास पुरेशी ठरते. कॅनाबिडिऑल हे मादक नसले तरी यकृतातील विकरांना रोखते. त्यामुळे रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरिनचा प्रभाव वाढून रक्तस्रावाचे भय उत्पन्न होते. क्लोबाझामची गुंगीही वाढते. अमेरिकेत २०१८ साली अपस्मारासाठी शुद्ध कॅनाबिडिऑलला मान्यता मिळाली, तीही यकृताच्या तपासणीची सूचना देऊन.

आता वेष्टनावरील इशारा पाहावा. १९४५च्या औषध नियमांच्या ‘ई-१’ अनुसूचीत आयुर्वेदातील विषारी द्रव्यांमध्ये भांग (बी वगळून) समाविष्ट आहे. अशा औषधावर ते वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे, अशी सावधगिरीची सूचना इंग्रजी व हिंदी या दोन भाषांत छापणे नियम १६१ नुसार आवश्यक आहे. मराठीची सक्ती नाही. मुलुंड वा बोरिवली येथील केवळ मराठी वाचणाऱ्या आजीस हा इशारा परभाषेतूनच मिळतो. शिवाय त्याची वाक्यरचना कर्तृहीन आहे : देखरेख कोणाची? औषध देणारे वैद्य एक आणि हृदयविकारावर उपचार करणारे डॉक्टर दुसरे. पहिल्यांनी दिलेली ‘विजया’ दुसऱ्यांच्या कानी ‘भांग’ म्हणून पोहोचली नाही, तर देखरेख असूनही नसल्यासारखीच.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला परंपरेचा. १८९३-९४च्या भांग-गांजा चौकशी आयोगाने माफक सेवन सामान्यतः अपायकारक नसल्याचा निर्वाळा दिला होता, हे खरे. परंतु वॉरफरिन तेव्हा अस्तित्वातच नव्हते. रोज पाचसहा आधुनिक औषधे घेणारा वृद्ध त्या आयोगापुढे येणे शक्य नव्हते. दुसरा आक्षेप अधिक विचारार्ह आहे : ‘भांग’ म्हटल्याने रुग्ण लाजेल आणि वेदनेवरील एका उपायास मुकेल. हे मान्य करूनही असे म्हणणे प्राप्त आहे, की लाज टाळण्यासाठी नाव बदलावे. माहिती लपविण्यासाठी नव्हे.

‘विजया’ हे नाव टाकून देण्याचे कारण नाही. त्याच्या शेजारी ‘भांगेची पाने’ हे दोन शब्द, टीएचसीचे प्रमाण आणि ‘चालू असलेली सर्व औषधे डॉक्टरांना सांगा’ हे साधे मराठी वाक्य असावे. शब्दाचे सौजन्य राखूनही अर्थाचा प्रामाणिकपणा राखता येतो. औषधाच्या बाबतीत तो राखावाच लागतो.