'बाकारा'चा उदय आणि अस्त : जोडीतील दुसऱ्या आवाजाचा प्रश्न

युरोपीय डिस्को संगीताच्या इतिहासात 'बाकारा' या स्पॅनिश गायिकाद्वयाचा उल्लेख बहुधा एका गाण्यापुरता होतो. डिस्कोची लाट ओसरली आणि तिच्याबरोबर ही जोडीही मागे पडली, असे तिच्या अस्ताचे सरधोपट कारण दिले जाते. ते चुकीचे नसले, तरी गीतांच्या घडणीकडे लक्ष दिल्यास अपुरे वाटते.

मायते मातेओस आणि मारिया मेंदिओला या मूळच्या नर्तकी. कॅनरी बेटांपैकी फुएर्तेव्हेन्तुरा येथे पर्यटकांसमोर फ्लामेंको नृत्य सादर करीत असताना त्या आरसीए या ध्वनिमुद्रिका कंपनीच्या अधिकाऱ्याच्या नजरेस आल्या. संगीतकार रोल्फ सोया व गीतकार फ्रँक डोस्टाल हे दोघेही जर्मन. त्यांनी रचलेले 'येस सर, आय कॅन बूगी' हे गीत ऑक्टोबर १९७७ मध्ये ब्रिटनच्या क्रमवारीत पहिल्या स्थानी पोहोचले. या गीताचे रसायन लक्षणीय आहे. ठेका डिस्कोचा, शब्द इंग्रजी, उच्चार मात्र अस्सल स्पॅनिश. परक्या भाषेतील हे अवघडलेपणच येथे अलंकार ठरले. लॅटिनपण होते ते उच्चारात आणि वेशात. तालात फारसे नव्हतेच. १९७८ च्या युरोव्हिजन स्पर्धेत तर या स्पॅनिश गायिका लक्झेंबर्गच्या वतीने फ्रेंच नावाचे गीत गायल्या व सातव्या आल्या!

मातेओस बहुधा काळ्या, मेंदिओला पांढऱ्या पोशाखात. डोळ्यांना दोघी समसमान दिसत. कानांना तसे जाणवत नसे. बहुतेक गीतांत प्रमुख स्वर मातेओस यांचा होता. १९८० च्या 'स्लीपी टाइम टॉय' या गीतात आपला आवाज पुरेसा ऐकू येत नाही, अशी तक्रार करून मेंदिओला यांनी कंपनीविरुद्ध कायदेशीर मार्ग अवलंबिला. यास निव्वळ रुसवाफुगवा म्हणणे अन्यायाचे होईल. शब्द, चाल, वाद्यमेळ यांपैकी काहीच हाती नसलेल्या कलावंतास भांडण्याजोगी दुसरी जागा कोणती होती? सोया दूर झाले. १९८१ च्या 'बॅड बॉइज' या ध्वनिमुद्रिकेनंतर जोडी फुटली. पुढे दोघींनीही नव्या साथीदार घेऊन त्याच नावाचा वारसा सांगितला.

नोव्हेंबर २०२० मध्ये सर्बियावरील विजयानंतर स्कॉटलंडचे फुटबॉलपटू या गीतावर नाचले आणि ते पुन्हा ब्रिटिश क्रमवारीत आले. लोकांनी ऐकला तो प्रामुख्याने मातेओस यांचाच स्वर. सप्टेंबर २०२१ मध्ये मेंदिओला यांचे निधन झाले.