झोपेची गोळी : कुलूप, बटण आणि झोप

लोकविज्ञानाच्या पुस्तकांत, वृत्तपत्रांच्या आरोग्यविषयक पुरवण्यांत आणि कधीकधी शाळेतल्या तक्त्यांवरही शामक औषधांविषयी साधारण असा खुलासा वाचायला मिळतो : औषध मेंदूतल्या रिसेप्टरमध्ये किल्लीसारखे बसते, मेंदूतील विद्युत हालचाल बंद पाडते आणि माणूस झोपी जातो. खुलासा सुटसुटीत आहे. फळ्यावर एक कुलूप आणि एक किल्ली काढली की दोन मिनिटांत काम भागते. परंतु त्यातील तीनही विधाने तपासून पाहिली, तर प्रत्येकात काही ना काही खोट सापडते. ती केवळ तपशिलाची असती, तर आम्ही हा लेख लिहिला नसता. ही औषधे आज अनेक घरांत आहेत आणि त्यांच्याविषयीच्या चुकीच्या समजुती माणसाच्या जिवावर बेतू शकतात.

प्रथम कुलूप-किल्लीकडे पाहू. ही उपमा एमिल फिशर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८९४ मध्ये विकरांचे कार्य समजावण्यासाठी वापरली. गंमत अशी, की याच फिशरने फॉन मेरिंग यांच्यासह १९०३ मध्ये बार्बिटाल हे झोप आणणारे औषध पुढे आणले. आणि नेमक्या त्याच जातीच्या औषधांना ही उपमा नीट लागू पडत नाही.

असे का, ते पाहू. आपल्या मेंदूत गाबा नावाचे एक रसायन असते. चेतापेशींना आवर घालणारा हा प्रमुख रासायनिक दूत. तो ज्या रिसेप्टरवर काम करतो, त्यातील ‘ए’ प्रकारचा रिसेप्टर प्रथिनाच्या पाच तुकड्यांचा बनलेला असतो. पाच फळ्या गोलाकार उभ्या करून केलेले पिंप डोळ्यांपुढे आणावे. पिंपाच्या मधोमध क्लोराइड आयनांसाठी वाट असते. गाबा ठरावीक फळ्यांच्या सांध्यांत बसला की ही वाट क्षणभर उघडते, ऋणभारित क्लोराइड आयन आत शिरतात आणि ती पेशी सहजासहजी उद्दीपित होत नाही.

इथपर्यंत गाबाला किल्ली म्हणायला हरकत नाही. पण १९६३ मध्ये बाजारात आलेले डायझेपाम आणि त्याची भावंडे गाबाच्या जागी बसतच नाहीत. ती वेगळ्याच सांध्यात बसतात. गाबा नसेल तर ती एकट्याने वाट उघडू शकत नाहीत. गाबा असेल तर वाट अधिक वेळा उघडते, इतकेच. बार्बिट्युरेटे आणखी वेगळ्या जागी बसतात. त्यांच्यामुळे वाट एकदा उघडली की जास्त काळ उघडी राहते आणि मात्रा मोठी असेल, तर गाबावाचूनही उघडते. पहिल्या गटाच्या परिणामाला मेंदूतल्या गाबाची मर्यादा पडते, दुसऱ्याला तशी मर्यादा नाही. बार्बिट्युरेटांच्या अतिमात्रेने श्वास थांबून इतके मृत्यू का झाले, याचे मोठे कारण या फरकात आहे. कुलूप-किल्लीच्या चित्रात हा फरक दाखवायला जागाच नाही.

शिवाय कुलूप एकाच प्रकारचे नाही. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उंदरांच्या रिसेप्टरमधील ‘आल्फा-१’ या तुकड्यातील एकच अमिनो आम्ल बदलण्यात आले : १०१ व्या स्थानावरील हिस्टिडीनच्या जागी आर्जिनीन. अशा उंदरांना डायझेपाम दिले असता त्याचा गुंगी आणणारा परिणाम दिसेना, पण भीती कमी करणारा परिणाम टिकून राहिला. म्हणजे ‘गुंगी’ आणि ‘चिंतामुक्ती’ हे एकाच औषधाचे परिणाम वेगवेगळ्या प्रकारच्या रिसेप्टरांतून घडतात. आणि सर्वच शामके गाबाच्या वाटेने जात नाहीत. केटामीन मुख्यतः ग्लुटामेटचा एनएमडीए रिसेप्टर अडवते. डेक्समेडेटोमिडीन मेंदूच्या खोडातील नॉरअ‍ॅड्रेनलीन स्रवणाऱ्या पेशींना शांत करते.

आता दुसरे विधान : विद्युत हालचाल बंद पडते. १९२४ मध्ये जर्मनीतील येना येथे हान्स बर्गर यांनी मानवी मेंदूचा पहिला विद्युत आलेख नोंदवला. डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या मागील भागात सेकंदाला साधारण ८ ते १३ लहरी दिसतात. त्यांना आल्फा लहरी म्हणतात. शामक औषध दिल्यावर हा आलेख सपाट व्हायला हवा होता. तसे होत नाही. डायझेपामसारख्या औषधांनी उलट वेगवान बीटा लहरी वाढतात. प्रोपोफॉलने शुद्ध हरपलेल्या माणसात सेकंदाला एकाहूनही कमी अशा मोठ्या, संथ लहरी उमटतात आणि त्यांच्या जोडीला आल्फाच्या वेगाच्या लहरी डोक्याच्या पुढील भागात दिसू लागतात. केटामीनने तर वेगवान गॅमा लहरी वाढतात, आणि तरीही रुग्ण बेशुद्ध असतो. आलेखात मधूनमधून सपाट रेषा दिसते ती भूल फारच खोल गेल्यावर. मेंदू बंद पडत नाही, त्याची लय बदलते. पेशी ठरावीक तालात अडकून पडतात आणि मेंदूच्या भागाभागांतील देवाणघेवाण बिघडते; शुद्ध हरपण्याचा संबंध याच्याशी असावा, असे आज अनेक संशोधक मानतात.

‘बंद-चालू’ची ही कल्पना केवळ तक्त्यांपुरती राहिली नाही. शस्त्रक्रियेच्या वेळी मेंदूच्या आलेखावरून ० ते १०० मधील एक आकडा दाखवणारे ‘बिस’ नावाचे यंत्र १९९० च्या दशकात आले. १०० म्हणजे पूर्ण जागा, ४० ते ६० म्हणजे योग्य भूल. यंत्र निरुपयोगी मुळीच नाही. नेहमीच्या देखरेखीला त्याची जोड दिल्यास काही रुग्णांत फायदा दिसला आहे. पण केटामीन दिल्यावर भूल गाढ होऊनही आकडा वर जाऊ शकतो. उलट बाजूही आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दहा स्वयंसेवकांना जागेपणीच फक्त स्नायू शिथिल करणारे औषध दिले गेले. ते पूर्ण शुद्धीवर होते, तरी आकडा ६० च्या खाली उतरला! याचे कारण, कपाळाच्या स्नायूंची विद्युत हालचालही या आकड्यात मिसळते. हलता न येणारा, पण सर्व काही कळणारा रुग्ण टेबलावर असेल आणि आकडा ‘ठीक’ म्हणत असेल, तर काय होईल याची कल्पना वाचकांनीच करावी. म्हणून जाणकार भूलतज्ज्ञ आकड्यावर विसंबून राहत नाहीत. दिलेले औषध कोणते हे ध्यानात घेऊन मूळ आलेखही पाहतात.

तिसरे विधान झोपेचे. नैसर्गिक झोपेत सुमारे दीड तासाची आवर्तने असतात, त्यांत गाढ झोप आणि स्वप्नांची झोप येऊन जाते, आणि हलवले की माणूस जागा होतो. शस्त्रक्रियेच्या चिऱ्यानेही जाग न येणारी भूल ही झोप नव्हे. ती औषधाने आणलेल्या आणि परत फिरवता येणाऱ्या बेशुद्धीच्या जवळची अवस्था आहे. गोळीने आलेल्या झोपेतही फरक असतो. डायझेपामच्या गटातील औषधांनी लवकर डोळा लागतो, झोपेचे तास वाढतात, पण गाढ झोपेतील संथ लहरी कमी होतात. तास वाढले म्हणजे विश्रांती त्याच प्रमाणात वाढली, असे म्हणता येत नाही.

मग वर्गात सांगावे तरी काय? उपमा टाकून द्याव्यात, असे आमचे म्हणणे नाही. पण जिथे उपमा तुटते ती जागा विद्यार्थ्यांना दाखवावी. कुलूप-किल्लीनंतर पाच फळ्यांचे पिंप काढावे आणि ‘गाबा नसेल तर डायझेपाम काय करील?’ असे विचारावे. कागदाच्या दोन पट्ट्या प्रत्येकी एका सेकंदाच्या मानून एकीवर दहा छोट्या लहरी आणि दुसरीवर एकच मोठी लहर काढायला लावावी, आणि यांतला ‘बंद’ मेंदू कोणता, हे विचारावे. मुले वाद घालतील, घालू द्यावा.

हे केल्याने विद्यार्थ्यांना काही गोष्टी पाठ न करताच कळतील. दारूसुद्धा गाबाच्या रिसेप्टरची क्रिया वाढवते, म्हणून गोळी आणि दारू एकत्र आली की ती गाबाची मर्यादा राखणारी गोळीही घातक ठरू शकते. गोळी महिनोन्‌महिने चालू असेल तर मेंदू तिच्याशी जुळवून घेतो, म्हणून ती एकाएकी थांबवली की झोप उडते, प्रसंगी झटकेही येतात. डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळूच कमी करावी लागते. ‘ती नुसती झोपेची गोळी आहे’ असे म्हणणाऱ्या घरातल्या मोठ्या माणसाला यातले एखादे वाक्य नववी-दहावीतल्या मुलाने समजावून सांगितले, तर तो धडा सार्थकी लागला असे आम्ही म्हणू.