'जेव्हा माणूस जागा होतो' : एक उपेक्षित बाजू

श्रीमती गोदावरी परुळेकर यांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) या आत्मकथनाची स्तुति पुष्कळ झाली. १९७२ सालीं त्यास साहित्य अकादमीचें पारितोषिकहि लाभलें. परंतु बहुतेकांनीं तें वारली उठावाचा इतिहास म्हणूनच वाचिलें. आमच्या मतें त्याची खरी योग्यता निराळी आहे. ज्यांच्या मरणाची कोणत्याहि दप्तरांत धड नोंद होत नसे, अशा माणसांच्या बाजूनें दिलेली ती साक्ष आहे.

जानेवारी १९४५ मध्यें टिटवाळ्यास किसान सभेचें अधिवेशन भरलें. हें गांव आजच्या उल्हासनगरापासून फार दूर नाहीं. तेथून परतलेल्या वारल्यांनीं उंबरगांव-डहाणूकडे वेठीविरुद्ध लढा उभारिला, आणि ऑक्टोबरांत तलवाड्यास पोलिसांनीं गोळीबार केला. त्यांत पडलेल्या जेठ्या गांगडाचें नांव राहिलें, कारण त्याच्यामागें संघटना होती. पण लग्नाच्या कर्जापायीं जन्मभर राबणारा 'लग्नगडी' सावकाराच्या वाडींत मेला, तर त्याची दाद कोण घेणार? सिमिंग्टन यांच्या १९३९ च्या सरकारी अहवालानें या जुलमाची कबुली दिली होती खरी. तथापि अहवालाचा विषय पद्धति हा असतो, माणूस नव्हे. परुळेकरबाईंची भाषा कोठें कोठें व्याख्यानाकडे झुकते, हा दोष मान्य करूनहि म्हणावें लागतें कीं, त्यांच्या पानांवर माणूस दिसतो.

हा प्रश्न जुना झालेला नाहीं. अंबरनाथ-बदलापूरच्या डोंगरपट्ट्यांतील कातकरी दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात व पावसाच्या तोंडावर परततात. त्यांतली एखादी मुलगी परतली नाहीं, तर तक्रार पाड्याजवळच्या ठाण्यांत द्यावी कीं भट्टीजवळच्या? कायदा म्हणतो, कोठेंहि; पण उचलीखालीं वांकलेला बाप भट्टीमालकाविरुद्ध ठाण्याची पायरी चढेल काय? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत अनुसूचित जमातींवरील गुन्ह्यांचें स्वतंत्र प्रकरण असतें. बेपत्तांचे तक्ते मात्र वय व लिंग पाहून मांडलेले असतात, जमात पाहून नव्हे. कॅनडांत मूळ रहिवाशांच्या बेपत्ता व खून झालेल्या स्त्रियांविषयीं नेमलेल्या राष्ट्रीय चौकशी मंडळानें २०१९ सालीं २३१ मागण्या मांडल्या. त्यांचा पाया आप्तांच्या तोंडून ऐकलेल्या साक्षी हाच होता. परुळेकरबाईंनीं तेंच काम एकटीनें, मराठींत, अर्धशतक आधीं केलें.

आमचे कादंबरीकार बदलापूरच्या नव्या सदनिकांतील सुखदुःखें आवडीनें रंगवितात. त्या भिंतींच्या विटा भाजणाऱ्यांपैकीं कोण घरीं पोंचलें नाहीं, हें विचारणारें दुसरें पुस्तक मात्र या बाजूनें आमच्या वाचनांत अद्याप आलेलें नाहीं.