पक्षी कुठले, आकडे कुठले?

ऑगस्ट २०२३मध्ये ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स’ हा देशातील पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. तेरा संस्था, सुमारे तीस हजार पक्षीनिरीक्षक, तीन कोटी नोंदी आणि ९४२ जाती एवढा त्याचा पसारा. वर्तमानपत्रांत त्यातले ‘पक्षी घटले’ एवढेच गाजले. पण दीर्घकालीन कल काढता आला तो केवळ ३३८ जातींचा. त्यांतल्या २०४ घटल्या, ९८ स्थिर राहिल्या, ३६ वाढल्या. उरलेल्या सहाशेंवर जातींसाठी माहिती पुरेशी नाही, हे अहवाल स्वतःच सांगतो. लातूर जिल्ह्यात बसून हा अहवाल वाचणाऱ्याने ‘माहिती पुरेशी नाही’ या शब्दांपाशी थांबायला हवे.

या अहवालात कोणी रानातले पक्षी एकेक करून मोजलेले नाहीत. निरीक्षक पाहिलेल्या पक्ष्यांची यादी करतो आणि ती ई-बर्डवर टाकतो. शंभर याद्यांपैकी किती याद्यांत एखादी जात आली, त्यावरून कल ठरतो. सन २०००पूर्वीची वारंवारता शंभर धरून पुढची तुलना होते. पद्धत चांगली आहे. दसऱ्याला ज्याचे दर्शन शुभ मानतात तो नीलपंख तीस टक्क्यांहून अधिक घटल्याचे तिच्यामुळेच कळले आणि त्याच्या जागतिक धोका-श्रेणीचा फेरविचार व्हावा, अशी शिफारस झाली. डोळ्यांसमोर रोज तारेवर दिसणारा पक्षी कमी होतोय, हे एकट्यादुकट्याच्या नजरेला उमगत नाही.

सातत्याने ठेवलेल्या नोंदी किती कामाच्या असतात, ते गिधाडांनी दाखवून दिले आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या विभू प्रकाश यांच्यासारख्या संशोधकांकडे १९९०च्या दशकाच्या सुरुवातीच्या मोजण्या होत्या. २०००च्या सुमारास त्या पुन्हा केल्या, तेव्हा नव्वद टक्क्यांहून अधिक घट दिसली. २००४मध्ये जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅकचा संबंध सिद्ध झाला आणि २००६मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. आधीची मोजणी नसती, तर ‘गिधाडे हल्ली दिसत नाहीत बुवा’ यापुढे गोष्ट गेलीच नसती.

आपल्या भागाकडे अशी आधीची मोजणी नाही. मराठवाडा निजामाच्या राज्यात असताना सलीम अलींनी १९३१-३२मध्ये हैदराबाद संस्थानाची पक्षी-पाहणी केली. ती व्हिसलर यांच्या टिपणांसह सोसायटीच्या नियतकालिकात छापली गेली. कोणता पक्षी कुठे सापडला, याचा तो मोलाचा दस्तऐवज आहे. पण तो काळ बंदुकीने नमुने गोळा करण्याचा. त्या नोंदींतून वारंवारता निघत नाही. अहवालातील २०००पूर्वीचा पाया बव्हंशी जुन्या निरीक्षकांच्या वह्यांवर उभा आहे, आणि वह्या ठेवणारे लोक शहरांत होते, नाहीतर अभयारण्यांत जात होते. ज्वारीच्या कणसांवर उतरणाऱ्या भोरड्यांच्या थव्याची नोंद शेतकऱ्याने गोफण फिरवूनच केली!

अलीकडच्या कलाबाबत माझा आक्षेप वेगळा आहे. तो कल २०१५पासून मोजला आहे. देशपातळीवर त्यात बिघडत नाही. मात्र तेच गणित कोणी लातूर जिल्ह्याला लावले, तर घोटाळा होईल. २०१५-१६ हे आमच्याकडे दुष्काळाचे वर्ष. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. तलाव कोरडे पडलेल्या वर्षापासून मोजायला लागलो, तर पुढच्या चांगल्या पावसात घरणी आणि साकोळच्या प्रकल्पांवर बदके ‘वाढलेली’च दिसणार. ती वाढ पाण्याची असेल, संवर्धनाची नव्हे.

माळरानाचे दुखणे याहून खोल आहे. उघड्या माळावरचे पक्षी इतरांपेक्षा वेगाने घटत आहेत, असे अहवाल ठासून सांगतो. हे त्याचे सर्वांत महत्त्वाचे निरीक्षण, आणि सर्वांत कमी चर्चा झाली तीही याचीच. शेजारच्या सोलापुरातला दाखला घ्या. १९७९मध्ये माळढोकासाठी ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. पुढे ते १,२२२वर आणले गेले. आधी शहरे आणि शेतेही आत घेतली, मग लोकांचा रोष ओढवून रेषा मागे सरकवली. माळढोक नेमका कुठे चरतो, कुठे अंडी घालतो, याच्या नोंदींवर पहिली रेषा आखली असती, तर ती लहान असती आणि टिकली असती.

शिरूर अनंतपाळ तालुक्यात माळढोक नाही. गायरानावर टिटवी, चंडोल, धाविक, तितर एवढेच. सोयाबीनने ज्वारी मागे सारल्यापासून त्यांना उरली आहे ती गायराने आणि बरड. महसुली भाषेत ही जमीन ‘पडीक’. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत अशी शासकीय जमीन, त्यात गायरानेही, सौर प्रकल्पांना दिली जात आहे. शेतकऱ्याला दिवसा वीज हवीच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण कोणते गायरान द्यायचे हे ठरवताना फाइलीत पक्ष्यांचा रकाना कोरा असतो, आणि कोरा रकाना ‘तिथे काही नाही’ असा वाचला जातो. अहवालकर्त्यांनी पुढच्या आवृत्तीत जिल्हावार याद्यांची संख्या नकाशावर ठळक छापावी. कोणत्या जिल्ह्याबद्दल आपण गप्प आहोत, हे तहसिलातल्या कारकुनालाही दिसले पाहिजे.

तोवर एका गायरानावर, ठरलेल्या वाटेने, महिन्यातून एकदा सकाळी पंधरा मिनिटे उभे राहून यादी करायला दुर्बीणसुद्धा लागत नाही. टिटवी ओरडूनच आपली नोंद देते.