‘ध’चा ‘मा’ : एका वाक्प्रचाराचें परीक्षण

इतिहासाच्या क्षेत्रांत पुराव्याचे कागद मोठ्या कष्टानें हातीं येतात. परंतु कांहीं शब्द मात्र विनासायास पुराव्याच्या आसनावर जाऊन बसतात. त्यांना कर्ता लागत नाहीं, तारीख लागत नाहीं, शिक्कामोर्तब तर नाहींच नाहीं. ते जिभेवर बसले म्हणजे झालें. या जातीचें महाराष्ट्रांतील सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे ‘ध’चा ‘मा’. आनंदीबाईचें वकीलपत्र घेण्याचा आमचा हेतु नाहीं. या दोन अक्षरांनीं लोकांच्या विचारास कोणतें वळण लावलें, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

प्रथम निर्विवाद भाग सांगतों. थोरले माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ रोजीं निवर्तले आणि पेशवेपद त्यांचे धाकटे बंधु नारायणराव यांजकडे आलें. चुलते रघुनाथराव पुढें शनिवारवाड्यांतच नजरकैदेंत होते. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं गारदी थकलेल्या पगाराचा गलबला करीत वाड्यांत शिरले व त्यांनीं अठरा वर्षांच्या पेशव्याचा वध केला. रामशास्त्री प्रभुणे यांनीं चौकशीअंतीं रघुनाथरावास दोषी ठरविलें आणि पुणें सोडलें.

कागदांतील अक्षरबदलाची हकीकत ग्रांट डफ यांच्या १८२६ सालीं प्रसिद्ध झालेल्या इतिहासांत येते. तिचा सारांश असा : पुतण्यास धरण्याचा हुकूम आपण दिला, मारण्याचा नव्हे, असें रघुनाथरावानें सांगितलें, पुढें रामशास्त्र्यांस मूळ कागद मिळाला, तेव्हां त्यांत ‘धरावें’ याचें ‘मारावें’ केलेलें आढळलें, आणि हा फेरफार आनंदीबाईनें केला अशी सर्वत्र समजूत आहे. वाचकांनीं यांतील दोन विधानें निरनिराळीं ठेवावीं. फेरफार झाला, हें विधान कागदाच्या आधारावर केलेलें आहे. तो आनंदीबाईच्या हातचा, हें विधान केवळ समजुतीच्या आधारावर. ग्रंथकारानें हा भेद राखला होता. वाक्प्रचारानें तो पुसून टाकला. तो मूळ कागद आज अभ्यासकांपुढें नाहीं, आणि ही हकीकत सांगणारा ग्रंथ घटनेनंतर ५३ वर्षांनीं छापला गेला, हेंही विसरतां कामा नये.

अक्षरांकडे पाहूं गेल्यास आणखी एक गोष्ट ध्यानांत येते. ‘ध’च्या जागीं नुसता ‘म’ केला तर ‘मरावें’ होतें. ‘मारावें’ होण्यास काना हवा. त्या काळचें दप्तर मोडींत चाले. आधीं ओळ आंखावी, मग तिच्याखालीं लेखणी शक्य तों न उचलतां अक्षरास अक्षर जोडीत जावें, दोन शब्दांत जागा सोडूं नये, अशी ती लेखनपद्धति. अशा ओळींत मागाहून फेरफार करणें अशक्य होतें असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु लोकांच्या कल्पनेंत लेखणीचा एकच फटकारा असतो, आणि प्रत्यक्षांतलें काम त्याहून बरेंच खटपटीचें असलें पाहिजे. वाक्प्रचारानें काना लक्षांत ठेविला. त्याची अडचण मात्र सोडून दिली.

ज्याचा पहिला वक्ता सांगतां येत नाहीं अशा प्रवादपरंपरेस आपल्या शास्त्रकारांनीं ‘ऐतिह्य’ असें नांव दिलें आहे. नैयायिक त्यास स्वतंत्र प्रमाण मानीत नाहींत. त्याचा अंतर्भाव ते शब्दप्रमाणांत करितात. आणि शब्द प्रमाण केव्हां, तर तो आप्ताचा असेल तेव्हां. वक्ताच अज्ञात असेल तर त्याचें आप्तत्व पारखावें कसें? ही शंका विद्वानांस सुचते. समाजास ती सुचत नाहीं. राजवाड्यांनीं १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें खंडशः प्रसिद्ध केलीं. १९०९ सालीं खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’नें राघोबा, आनंदीबाई आणि रामशास्त्री यांना रंगभूमीवर उभें केलें. खंड वाचणारे मूठभर, नाटक पाहणारे हजारों. यांत नाटककाराचा दोष नाहीं. नाटकास पात्रें लागतात, दप्तर लागत नाहीं.

आतां या शब्दांनीं झांकलें काय, तें पाहूं. मूळ हुकूम ‘धरावें’ असाच होता असें क्षणभर मानलें, तरी राज्याच्या विद्यमान पेशव्यास गारद्यांकरवीं धरविणें हें निरपराध कृत्य होतें काय? वाक्प्रचारांतील ‘ध’ हा जणू निष्पाप, आणि सगळें पाप ‘मा’च्या माथीं! गारद्यांशीं झालेलें संधान, थकलेला पगार, कारस्थानांतले इतर भागीदार, हें सर्व एका अक्षराआड गेलें. राज्यक्रांतीचा कट लेखनिकाच्या लबाडीएवढा लहान झाला, आणि पुरुषांनीं रचलेल्या कटाचा भार एका स्त्रीच्या बोटांवर येऊन पडला. रामशास्त्र्यांनीं दोषी ठरविलें रघुनाथरावास. लोकांनीं शिक्षा दिली आनंदीबाईस. नवल असें कीं, त्याच प्रसंगाचें ‘काका, मला वाचवा’ हें दुसरें वचनही तितकेंच लोकप्रिय आहे. एक वचन काकाकडे बोट दाखवितें, दुसरें त्याला अर्धा सोडवितें. दोन्ही एकाच तोंडीं सुखानें नांदतात. कारण अशीं वचनें एकमेकांशीं ताडून पाहण्याची कोणास संवय नाहीं.

हा प्रकार गतकाळापुरताच राहिला असता तर एवढा प्रपंच केला नसता. परंतु वर्तमानपत्रांत, सभांत आणि विधिमंडळांतही प्रतिपक्षानें ‘ध’चा ‘मा’ केला असा आरोप नित्य ऐकूं येतो. त्यांत दोन गृहीत गोष्टी चोरपावलांनीं शिरतात : मूळ वचन निर्दोष होतें, आणि फेरफार करणारा दुष्टबुद्धीचा होता. दोहोंपैकीं एकही सिद्ध करावी लागत नाहीं. म्हण उच्चारतांच श्रोत्यांस निकाल लागल्यासारखें वाटतें. विवादांत जें शेवटीं यावयाचें तें आरंभींच येऊन बसतें, आणि मधली चौकशी आपोआप गळते. मूळ वचनच सदोष असेल तर त्याच्या कर्त्यास यासारखें दुसरें कवच नाहीं.

म्हण भाषेतून काढून टाकावी असें आम्ही म्हणत नाहीं. भाषेचें तें धन आहे. परंतु ऐतिहासिक लेखनांत तिचा आधार घेणाऱ्यानें ती कोणत्या लेखांत, कोणत्या सालीं प्रथम भेटते हें दाखवावें. तें दाखवितां येत नसेल तर तिला दंतकथा म्हणावें. सार्वजनिक वादांतही हाच नियम असावा. कोणी ‘ध’चा ‘मा’ झाल्याचें सांगूं लागला, तर श्रोत्यांनीं टाळी देण्यापूर्वीं त्याच्याजवळ मूळ ‘ध’चा कागद मागावा, आणि तो मिळाल्यावर त्या ‘ध’चीही चौकशी करावी.