सूझा : लंडनच्या आधीचे परकेपण

फ्रान्सिस न्यूटन सूझा १९४९ साली लंडनला गेले आणि तिथल्या परकेपणातून त्यांची चित्रे घडली, ही समजूत आपल्याकडे चांगलीच रुजली आहे. मला ती सोयीची वाटते, खरी नाही. १९२४ साली साळगावात जन्मलेला हा मुलगा मुंबईत आला तोच मुळी पोर्तुगीजांच्या मुलखातून इंग्रजांच्या मुलखात. शिवणकामावर घर चालवणारी विधवा आई, चेहऱ्यावर देवीचे व्रण, नवसापोटी नावात आलेले ‘फ्रान्सिस’. १९४५ मध्ये जे. जे.मधूनही हकालपट्टी झाली. परकेपणाची दीक्षा त्यांना लंडनकडून घ्यावी लागली नाही.

मग लंडनने दिले काय? अंतर. गोव्यात ज्या चर्चपुढे गुडघे टेकायचे, त्याच्याकडे तिथून उभ्याने पाहता आले. टेट संग्रहालयातले १९५९ चे ‘क्रुसिफिक्शन’ घ्या. युरोपने गोव्याला दिलेला ख्रिस्त गोरा, सौम्य. सूझांचा ख्रिस्त काळा, काटेरी रेषांचा. आमच्या जामखेड तालुक्यातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणारी कुटुंबे मी वर्षानुवर्षे पाहतो आहे. फडावर गेलेला माणूस गावाच्या आठवणीने हळवाच होतो असे नाही. गावातल्या उचलीचा, जातीचा हिशेबही तो तिथेच मोकळ्या तोंडाने मांडतो. स्थलांतरिताची कला म्हणजे गावाची ओढ, हे समीकरण म्हणूनच मला पटत नाही.

१९६६ मध्ये लंडनच्या ग्रोव्हनर गॅलरीत त्यांनी काळ्यावर काळ्या रंगाची चित्रे मांडली. ब्रिटनमध्ये १९६२ चा स्थलांतर कायदा झाला होता, वर्णावरून वातावरण तापलेले होते. तरी या चित्रांना निषेधाचे फलक समजू नये. जाड फटकाऱ्यांवर उजेड तिरका पडला तरच त्यांत चेहरा, देह उमटतो. पाहणाऱ्याला जागा बदलावी लागते, मान कलती करावी लागते. (पुस्तकातल्या छपाईत नुसता काळा चौकोन उरतो. खेड्यापाड्यांत चित्रकला छापील पानांवरच भेटते, त्यामुळे सूझांचा हा टप्पा आपल्या चर्चेतून गळतो.) इथे परका ठरतो तो पाहणारा.

१९६७ मध्ये ते न्यूयॉर्कला गेले. मासिकांच्या पानांवरची शाई रसायनाने विरघळवून त्यांवर रेखाटण्याची युक्ती त्यांनी तिथे भरपूर वापरली. युक्ती चतुर आहे, पण धार बोथटलेली. लंडनमध्ये भांडायला चर्चही होते आणि इंग्रजही; न्यूयॉर्कमधली बरीच पाने पाहताना समोर कुणी उभेच नाही असे वाटते.