ठसा बोलत नाही, तज्ज्ञ बोलतो

मंडळी, मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं, “साक्षीदार चुकतो, खोटं बोलतो, मग प्रयोगशाळेवरच विसंबावं ना?” प्रश्न रास्त आहे. आज त्याचीच परीक्षा करू.

११ मार्च २००४ रोजी माद्रिदला आगगाड्यांत बॉम्बस्फोट झाले. डिटोनेटरांच्या एका प्लॅस्टिक पिशवीवर बोटाचा अर्धवट ठसा सापडला. अमेरिकेच्या एफबीआयने तो संगणकाला दिला. संगणकाने २० जवळचे ठसे काढून दिले. त्यांतला एक ओरेगन राज्यातल्या एका वकिलाचा होता. एफबीआयच्या तीन तज्ज्ञांनी सांगितलं, ‘हाच, शंभर टक्के.’ स्पेनच्या पोलिसांनी एप्रिलमध्ये कळवलं होतं, की आमच्या मते ठसा जुळत नाही. तरीही मे महिन्यात अटक झाली. न्यायालयाने नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञानेही ‘हाच’ म्हटलं! शेवटी स्पेनने तो ठसा एका अल्जीरियन माणसाचा असल्याचं दाखवलं, तेव्हा सुमारे दोन आठवड्यांनी वकील सुटले.

आता चूक कुठे झाली? ‘प्रत्येकाचा ठसा वेगळा’ हे विधान मान्य करू. पण ते पूर्ण बोटाबद्दल आहे. पुसट तुकडा कुणाचा, हे ठरवताना माणूस चुकत नाही, असं त्यातून निघत नाही. एकापासून दुसऱ्यावर आपण नकळत उडी मारतो.

दुसरं, २००६च्या सरकारी चौकशीत दिसलं, की वकिलांचा स्पष्ट ठसा पाहिल्यावर तज्ज्ञ पुन्हा पुसट ठशाकडे गेले आणि तिथे तेच तपशील त्यांना ‘दिसू’ लागले. आपले नैयायिक याला अन्योन्याश्रय म्हणतील. जे सिद्ध करायचं, त्याच्याच आधाराने पुरावा वाचायचा! आणि पडताळणी करणाऱ्यांना पहिल्याचा निष्कर्ष आधीच ठाऊक होता. मग तीन मतं म्हणजे खरोखर तीन झाली का?

इटिएल ड्रॉर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६मध्ये पाच अनुभवी तज्ज्ञांना दोन ठसे दिले, आणि ‘हे माद्रिदचे चुकलेले ठसे’ असं सांगितलं. प्रत्यक्षात ते त्यांनी स्वतःच पूर्वी जुळवलेले होते. पाचांपैकी चौघांनी मत बदललं. पाच ही संख्या लहान आहे, हे आम्हीही जाणतो. पण ठसे तेच, डोळे तेच, बदलली ती फक्त गोष्ट.

हे परदेशातलं म्हणून सोडून देऊ नका, बरं का. बोटांच्या ठशांचं कार्यालय १८९७मध्ये आपल्याच कलकत्त्यात उभं राहिलं. आणि १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत सात वर्षं वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे. पाऊल चांगलंच आहे. पण अहवाल जितके वाढतील, तितके ते तपासणारे प्रश्नही वाढायला हवेत.

म्हणून तज्ज्ञाला हाकलायचं का? मुळीच नाही. त्याला विचारायचं: या पद्धतीत चुकीचं प्रमाण किती? संशयिताबद्दल तुम्हांला आधी काय सांगितलं होतं? दुसऱ्या तज्ज्ञाने तुमचं मत न पाहता तपासलं का? याची उत्तरं नसतील, तर अहवालावर शिक्का कितीही मोठा असो, तो आप्तवाक्य म्हणून स्वीकारायला आम्ही तयार नाही. कारण पलीकडे कोठडीत कुणीतरी बसलेलं असतं.